नवं इंजिन आलंय म्हणत्यात, खरं का खोटं कसं बघायचं

आमच्या ग्रुपवर दर महिन्या-दोन महिन्यानं एक फॉरवर्ड फिरतोच, नवीन पॅसेंजर इंजिन बनतंय, एवढ्या हॉर्सपॉवरचं, तेवढ्या स्पीडचं, आता कोल्हापूर-मुंबई अमुक तासात, आणि खाली सगळे नाद खुळा टाकून मोकळे. मीपण टाकायचो. मागं एकदा असंच वाचून भाच्याला घेऊन पहाटे उठून स्टेशनवर गेलो, महालक्ष्मी एक्सप्रेसला नवं कोरं इंजिन लागलंय म्हणून. इंजिन खरंच चकाचक होतं, भाचा उड्या मारायला लागला, आणि मग बाजूची प्लेट वाचली तर साल २००८. नुसता रंग नवा. भाच्यानं घरापर्यंत माझी जी काढली ती काढलीच. तेव्हापासनं मी आधी काय काय बघतो ते लिहितो, तुमची पहाटेची झोप तरी वाया जायला नको.

पहिलं म्हणजे बातमी आली की हॉर्सपॉवर बघू नका, अक्षरं बघा. इंजिनाच्या नावातलं डब्ल्यू म्हणजे ब्रॉडगेज, ए म्हणजे एसी करंटवर चालणारं, आणि तिसरं अक्षर आपल्या कामाचं, पी असेल तर पॅसेंजर, जी असेल तर मालगाडी. अर्धे फॉरवर्ड इथंच पडतात. गुजरातमधल्या दाहोदच्या कारखान्याचं ९,००० हॉर्सपॉवरचं इंजिन, ज्याचं मे २०२५ मध्ये उद्घाटन झालं आणि आमच्या ग्रुपवर "आता आपल्याकडं" म्हणून फिरलं, ते मालगाडीचं आहे. सीमेन्सकडं अशी १,२०० इंजिनं बनवायचं काम आहे, सगळी मालासाठी. बिहारमधल्या मधेपुऱ्याचं १२,००० वालं, जे दोन इंजिनं जोडल्यागत लांबलचक दिसतं, तेपण मालासाठीच. ती आली तर कोळसा नि सिमेंट ओढतील, तुमचा आमचा डबा नाही.

आणि वंदे भारतला "नवं इंजिन" म्हणणाऱ्यांना हात जोडून सांगा, त्याला इंजिनच नसतं ओ. मोटारी डब्यांच्या खालीच असतात. पुणे-कोल्हापूर वंदे भारत सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीतले एक काका पुढचं टोक बघून "इंजिन लई भारी आहे" म्हणत होते, मी काही बोललो नाही, वयानं मोठे आहेत.

मग पॅसेंजरसाठी बनतंय काय? मुख्य म्हणजे डब्ल्यूएपी-७. सहा एक्सल, १२३ टन वजन, सहा हजारांच्या वर हॉर्सपॉवर, ताशी १४० किमीपर्यंत. याचं डिझाईन पंचवीसेक वर्षांचं झालं पण अजून नवी नवी बनतायत, त्यामुळं "नवं इंजिन" म्हणजे नवं मॉडेल का जुन्या मॉडेलचं नवं पीस, हे आधी विचारा. दुसरं डब्ल्यूएपी-५, चार एक्सल, ७८ टन, हलकं पण १६० ला पळणारं, याची पहिली इंजिनं १९९५ ला बाहेरून, एबीबीकडून आली आणि मग चित्तरंजनला बनायला लागली. त्याच डब्ल्यूएपी-५ ला निमुळतं नाक लावून पुढं एक आणि मागं एक जोडलं की झाली अमृत भारत, डिसेंबर २०२३ पासनं धावतीय. दोन इंजिनं, एक ओढतं एक ढकलतं, त्यामुळं सुटताना दमच लागत नाही. मला विचाराल तर वाट बघावी अशी गोष्ट हीच, कारण ती २२ डब्यांची बिनाएसी गाडी आहे, आपल्यासारख्यांची.

ही इंजिनं बनतात तीन ठिकाणी, बंगालमध्ये चित्तरंजन, आणि वाराणसी नि पटियाला, हे दोन्ही आधी डिझेलवाले कारखाने होते. आपल्या लोकांनी लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे चित्तरंजनमधनं १९६१ ला पहिलं इलेक्ट्रिक इंजिन बाहेर पडलं त्याचं नाव होतं लोकमान्य. म्हणजे बंगालमध्ये बनलं आणि नाव टिळकांचं.

आता स्टेशनवर. कोल्हापूरकरांचं नशीब असं की आपलं शेवटचं स्टेशन आहे, गाडी इथंच संपते, इंजिन सुटतं, शंटिंग होतं, दुसऱ्या टोकाला लागतं. मिरजेत दोन मिनिटांत जे धावत बघावं लागतं ते इथं चहा पीत निवांत बघता येतं. दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट काढा, ते दोन तास चालतं, आणि सरळ पुढच्या टोकाला जा.

रंगाकडं बघायचंच नाही, माझी गोष्ट सांगितलीच. मोठ्या दुरुस्तीनंतर इंजिनं परत रंगवतात, ते ताजंतवानं दिसतंच. आधी पाच आकडी नंबर वाचा. डब्ल्यूएपी-७ ची मालिका ३०२०१ पासनं सुरू झाली, नंतरची ३७ नि ३९ नं सुरू होणारी. २२ नं सुरू झालेला नंबर दिसला की ते जुनं डब्ल्यूएपी-४, ते बनायचं कधीच बंद झालंय. मग खाली बाजूला बनवणाऱ्याची प्लेट शोधा, कारखाना आणि साल तिथं असतं, खरा जन्माचा दाखला तोच. शेडचं, म्हणजे इंजिनाची देखभाल जिथं होते त्या जागेचं, नावपण लिहिलेलं असतं. आणि कधी कधी पॅसेंजर गाडीला चक्क डब्ल्यूएजी-९ लागलेलं असतं, म्हणजे मालगाडीवालं, ते बघून फसू नका, इंजिनं कमी पडली की असं चालतं.

दुसरी खूण कानानं. एलएचबी, म्हणजे नव्या पद्धतीच्या डब्यांच्या, गाडीला टोकाला जनरेटरचा डबा असतो, डिझेलचा भर्रर्र आवाज करणारा. इंजिनातनंच डब्यांना वीज देणारी सोय चालू असेल तर तो डबा गप्प असतो, आणि इंजिन नि पहिल्या डब्याच्या मध्ये जाड केबली जोडलेल्या दिसतात. डबा गप्प असला की मला लई बरं वाटतं, एकतर डिझेल वाचतं, आणि शेवटच्या डब्यात बसणाऱ्याला झोप लागते. गाडी सुटताना थोडं थांबा, डब्ल्यूएपी-५, डब्ल्यूएपी-७ सारखी थ्री-फेज इंजिनं सुटताना सूर लावतात, जुन्यांचा वेगळा नि नव्यांचा वेगळा, चार-पाच वेळा ऐकलं की डोळे मिटून ओळखता येतं.

फोटो काढायचा तर प्लॅटफॉर्मवरनंच. रुळात उतरलात तर रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वरची तार २५,००० व्होल्टची, तिला हात लागायची गरज नाही, सेल्फी स्टिक जवळ गेली तरी पुरतं. आरपीएफवाल्यानं, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानानं, विचारलं तर वाद घालू नका, काय बघताय ते सरळ सांगा, मला तर एकानं उलटं कुठलं इंजिन लागणार ते सांगितलं होतं.

आणि शेवटी अपेक्षा. नवं इंजिन लागलं म्हणून मुंबई जवळ येत नाही. डिझेलच्या काळात पुण्यात इंजिन बदलायला वेळ जायचा तो वाचला, प्रत्येक हॉल्टनंतर स्पीड पटकन येतो, एवढं खरं. पण कर्जत-लोणावळा घाटात १:३७ चा चढ आहे, तिथं मुंबईहून येताना बहुतेक गाड्यांना मागनं बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावावी लागतात, पुढं कितीही भारी इंजिन असू द्या. आणि एकेरी लाईनीवर समोरनं येणाऱ्या गाडीसाठी क्रॉसिंगला थांबवलं तर सहा हजार हॉर्सपॉवरचं इंजिनसुद्धा लाल सिग्नलकडं बघत उभं राहतं. तसं आपल्याला वाट बघायची सवय आहे म्हणा, कोल्हापूर-वैभववाडीच्या रखडलेल्या लाईनीनं ती चांगली लावलीय.

एक वही ठेवा, नंबर, शेड, साल, कुठल्या गाडीला होतं ते लिहा. भाच्यानं ठेवलीय, तीनेक पानं भरलीत, आणि त्यात सगळ्यात नवं पीस अजून २०२२ च्या पुढं गेलेलं नाही. रविवारी परत जाणार आहोत, यावेळी प्लेट तो आधी वाचणार, मी चहा घेऊन मागं उभा राहणार, असं ठरलंय.