गावच्या सांडपाणी केंद्रावर नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

या कामात नव्याने येणारे बहुतेकजण आधी विचारतात, मशिनरी कुठली शिकायची? ब्लोअर, पंप, पॅनल दोन-तीन महिन्यांत अंगवळणी पडतात. मला वेळ लागला तो गाळ, म्हणजे सांडपाण्यातली घाण खाणाऱ्या जिवाणूंचे पुंजके, ओळखायला. या नोकरीत खरं शिकण्यासारखं तेच आहे.

मोठ्या शहराच्या केंद्रावर लाखो लोकांचं पाणी एकत्र येतं, त्यात कुणी भलतंसलतं ओतलं तरी खपून जातं. ५०० वस्तीच्या गावात ती सोय नाही. सकाळी आंघोळी-धुण्यांच्या वेळी लोंढा येतो आणि मध्यरात्री पाइपातून नुसतं ठिबकतं. माणशी दिवसाला साधारण ६० ग्रॅम बीओडी (घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) धरतात, म्हणजे अख्ख्या गावाचा ३० किलो. दुधाचा बीओडी लिटरमागे १०० ग्रॅमच्या आसपास असतो. कुणी १०० लिटर नासकं दूध गटारात सोडलं की एका दमात १० किलोची भर पडते, जणू दीडशेहून जास्त माणसं त्या दिवसापुरती गावात राहायला आली! एअरेशन टँकमधला, म्हणजे जिथे ब्लोअरने जिवाणूंना हवा देतो त्या टाकीतला, ऑक्सिजन लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राखायचा असतो, तो अशा वेळी झपाट्याने उतरतो. म्हणून कुणाचा दुधाचा धंदा आहे, शाळेला सुट्टी कधी लागते, हे माहीत असणं आपल्या कामाचाच भाग समजा.

रोज ठरलेल्या वेळी एअरेशन टँकमधलं पाणी एक लिटरच्या सिलिंडरमध्ये घ्या आणि अर्धा तास अजिबात न हलवता ठेवा. तिथून उठून जाऊ नका, बघत बसा. गाळ निरोगी असेल तर तपकिरी दिसतो, त्याला ओल्या मातीसारखा वास येतो. आधी बारीक कण एकमेकांना धरून पुंजके करतात, मग एक स्पष्ट रेघ हळूहळू खाली सरकते आणि वर नितळ पाणी उरतं. काळपट रंग आणि कुजका वास म्हणजे हवा कमी पडतेय. रेघ वरच अडकली आणि गाळ पिंजलेल्या कापसासारखा दिसला, तर तंतूसारखे जिवाणू माजलेत का ते बघा.

पहिल्या वर्षी आमच्या क्लॅरिफायरवर, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीवर, गाळाचे गोळे तरंगायला लागले. गाळाला बसायला वेळ कमी पडतोय, असं धरून मी रिटर्न पंपाचा, म्हणजे बसलेला गाळ परत एअरेशन टँकमध्ये नेणाऱ्या पंपाचा, वेग कमी केला. दुसऱ्या दिवशी गोळे दुप्पट! आमच्या जुन्या ऑपरेटरकाकांनी सिलिंडर अर्ध्या तासानंतरही तसाच ठेवायला लावला. गाळ आधी छान बसला आणि तासाभराने उचलून वर आला. त्यांनी काडीने गोळा ढवळला, बुडबुडे सुटले आणि तो परत तळाला गेला. "अगं, बसत नाही असं नाही, बसून वर येतोय," ते म्हणाले. तळाशी पडून राहिलेल्या गाळात ऑक्सिजन संपला होता आणि जिवाणू नायट्रेटपासून नायट्रोजन वायू बनवत होते. म्हणजे मी नेमकं उलटं केलं होतं. रिटर्न वाढवल्यावर पृष्ठभाग मोकळा झाला. तेव्हापासून मी सिलिंडर दोन तास ठेवते, आणि तुम्हीही ठेवा.

नोंदवहीत आकडे लिहाच, पण रंग, वास, फेसही लिहा.

एक गोष्ट मात्र पहिल्या दिवसापासून पाळा. गावात बहुधा आपण एकटेच कामावर असतो आणि पंप अडकला की सांडपाणी साठतं त्या पंपाच्या विहिरीत उतरायचा मोह होतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो, आणि साधारण १०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) नाकच बधिर करतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असं नाही. गॅस मीटर, हवा खेळती करणारा पंखा, अंगाला बांधलेला दोर आणि वर उभा माणूस, यातलं एक जरी कमी असेल तरी उतरू नका. मदत येईपर्यंत पंप बंद राहिला तर राहू द्या.