घरच्या घरी प्रॉडक्ट फोटोग्राफीची लाइटिंग: या चुका टाळा

पुठ्ठ्याचं खोकं, तीन बाजूंना खिडक्या कापून चिकटवलेला बटर पेपर, आत पांढरा चार्ट पेपर आणि बाहेर दोन एलईडी बल्ब. एवढ्या सामानात प्रॉडक्टचे उत्तम फोटो निघतात. मी कित्येक वर्षं असेच काढते आहे. तरी खोकं तयार झाल्यावरचा पहिला फोटो बहुतेकांना नाउमेद करतो. वस्तूवर पांढरा ठिपका चमकतो, शेजारी काळीकुट्ट सावली पडते, पांढरा कागद राखाडी येतो. मग जास्त वॉटचा बल्ब आणला जातो, आणि फोटो होता तसाच राहतो.

बल्ब कागदाला टेकवणे

सावलीची कड मऊ येणार की धारदार, हे ठरतं उजेड देणारा पृष्ठभाग वस्तूच्या जागेवरून केवढा दिसतो त्यावर. सूर्य अवाढव्य, पण इतका लांब की आभाळात टिकलीएवढा दिसतो, म्हणून उन्हातली सावली कापल्यासारखी असते. ढग दाटून आले की अख्खं आभाळच दिवा होतं आणि सावली विरून जाते. आपल्या खोक्यात ढगाचं काम बटर पेपर करतो. बल्ब त्याला टेकवून ठेवला, तर कागदाचा तळहाताएवढाच भाग उजळतो आणि बाकीचा कागद वाया जातो. बल्ब मागे घ्या, सगळा कागद उजळेपर्यंत. कागद मात्र वस्तूच्या जितका जवळ आणता येईल तितका आणा, फक्त फ्रेममध्ये दिसू देऊ नका.

हे तपासायला स्टीलचा चमचा पुरतो. वस्तू बाजूला करा, तिच्या जागी चमचा उभा करा, फुगीर बाजू कॅमेऱ्याकडे. त्या फुगवट्यात सगळ्या सेटचं इवलंसं चित्र दिसतं: कागदाच्या खिडक्या, खोक्याचं काळं तोंड, त्यात वाकलेले तुम्ही. खिडकीच्या मधोमध बल्बचा टपोरा ठिपका दिसत असेल, तर वस्तूवरही तोच ठिपका येणार. आता चमच्यावरची नजर न हलवता बल्ब हळूहळू मागे सरकवा. ठिपका पसरत जातो, फिकट होतो आणि एका क्षणी खिडकी कडेपासून कडेपर्यंत सारखी पांढरी होते. बल्ब तिथेच ठेवायचा. माझ्याकडच्या दीड फुटी कागदाला बल्ब जवळजवळ तेवढाच लांब लागतो.

अंतर वाढलं की उजेड झपाट्याने उतरतो. अंतर दुप्पट झालं तर साधारण चौथाई उरतो. त्याची चिंता नको. वस्तू जागची हलत नाही, त्यामुळे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 100 ठेवून शटर हवं तितकं सावकाश चालवता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर हवा, आणि बोटाचा धक्का बसू नये म्हणून 2 सेकंदांचा टायमर.

उष्णता विसरणे

यात तडजोड करू नका. हॅलोजन किंवा जुना तारेचा बल्ब वीज मुख्यतः उष्णतेतच घालवतो. हॅलोजनची काच 200 अंश सेल्सिअसच्या वर जाते, आणि उजेड परत फेकायला सेटवर ठेवलेला थर्माकोल 100 अंशांच्या आसपासच मऊ पडू लागतो. माझ्या सेटवर एकदा होल्डरची सेलोटेप उष्णतेने सुटली आणि बल्ब कागदावर आडवा झाला. मी पाणी प्यायला गेले होते. परत आले तेव्हा कागदावर तपकिरी डाग पसरला होता. तेव्हापासून बल्ब फक्त एलईडीचे, होल्डर खोक्याला न लटकवता वेगळ्या स्टँडवर घट्ट बसवलेला, आणि खोली सोडताना स्विच बंद. एलईडीचाही बुडखा तापतो, त्यामुळे तो कापडात किंवा डब्यात कोंडू नये.

सगळीकडून सारखाच उजेड

तीन खिडक्या आहेत म्हणून तिन्हीकडून बल्ब लावले की वस्तू चपटी दिसते. एका बाजूचा बल्ब मुख्य ठेवा आणि समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल उभा करा. विणकाम, लाकूड, हाताने केलेला कागद यांचा पोत उठून दिसायला उजेड बाजूने, जवळजवळ पृष्ठभागाला घासत यावा लागतो. थर्माकोलऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल वापरणार असाल, तर ती आधी चुरगळून परत उलगडा. सपाट फॉइल उजेडाचे चट्टे फेकते.

काचेचं आणि चकचकीत धातूचं गणित वेगळं आहे. तिथे आपण वस्तूपेक्षा तिच्यात पडलेलं प्रतिबिंबच जास्त टिपत असतो. बाटलीवर वरपासून खालपर्यंत सलग पांढरी रेघ हवी असेल, तर कागद बाटलीहून उंच हवा, नाहीतर रेघ मध्येच तुटते. पांढऱ्यावर पांढरी काच हरवत असेल, तर फ्रेमच्या अगदी बाहेर दोन्ही बाजूंना काळ्या कार्डाच्या पट्ट्या उभ्या करा. काचेच्या कडा पेन्सिलने काढल्यासारख्या उमटतात. मला अजूनही हे दरवेळी बघायला आवडतं.

रंगांची सरमिसळ

खिडकीतून दिवसाचा उजेड, डोक्यावर खोलीचा दिवा आणि खोक्याला वेगळाच बल्ब: अशा फोटोत एक बाजू पिवळी आणि दुसरी निळी येते. उजेड किती पिवळा किंवा निळा ते केल्विनमध्ये मोजतात: दुपारचा उजेड साधारण 5500 केल्विनचा असतो, पिवळसर बल्ब 2700 चा, कूल व्हाइट 6500 चा. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळवणी, यातल्या एकालाच सांभाळू शकतो. पडदे ओढा, खोलीतले दिवे बंद करा, सेटवरचे बल्ब एकाच मेकचे आणि एकाच केल्विनचे घ्या. व्हाइट बॅलन्स सेटमधल्या पांढऱ्या कागदावरून स्वतः ठरवा; ऑटोवर सोडला तर वस्तू बदलली की तोही बदलतो.

बल्बच्या खोक्यावर सीआरआय (त्या उजेडात रंग किती खरे दिसतात, त्याचा 100 पैकी आकडा) 90 किंवा जास्त आहे ना, तेही बघा. कमी सीआरआयच्या उजेडात विशेषतः लाल रंग मरगळतो, आणि ती कसर एडिटिंगमध्ये नीट भरून निघत नाही. डिफ्यूजर (उजेड पसरवणारा पडदा) म्हणून जुनी पिवळट चादर वापरली की तिचाही रंग फोटोत येतो. भडक रंगाच्या कपड्यांचंही तसंच. चांदीची वस्तू टिपताना मी साधा राखाडी सदरा घालते.

पांढऱ्याचा राखाडी होणे

कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं, म्हणून पांढऱ्या कागदाला ते दाबतं. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो उजळ-गडद करायची कॅमेऱ्यातली सोय) +1 ते +1.7 पर्यंत वाढवा, मोबाइलवर स्क्रीनला टॅप करून उजेड वर ओढा. वस्तूच्या कडा पार्श्वभूमीत विरघळू लागल्या की वाढवलेलं थोडं कमी करा. फोटोत आडवे पट्टे येत असतील, तर तो बल्बच्या लुकलुकण्याचा परिणाम: 50 हर्ट्झच्या विजेवर शटर 1/50 किंवा 1/25, तर 60 हर्ट्झवर 1/60 किंवा 1/30 ठेवा.

सेट जमला की बल्बच्या, खोक्याच्या आणि ट्रायपॉडच्या पायांच्या जागा टेपने आखून ठेवा. पुढच्या महिन्यात त्याच मालिकेतली नवी वस्तू येईल, आणि तिची सावली आधीच्या फोटोंसारखी त्याच बाजूला, तेवढीच लांब पडायला हवी.