गच्चीवरच्या सोलारच्या डीसी आणि एसी पेट्या: कशा निवडाव्यात, कुठे बसवाव्यात, कशा तपासाव्यात

मे महिन्यातल्या एका दुपारी परभणीहून ओळखीच्या मामांचा फोन आला. "अरे, जिन्यात प्लास्टिक जळाल्यावानी वास यायलाय. त्या सोलारच्या डब्यातून यायलाय बघ." जाऊन पाहिलं तर पॅनल ठणठणीत, इन्व्हर्टरही ठणठणीत. दोघांच्या मधल्या पेटीतला एमसीबी (जास्त करंट आला की आपोआप पडणारा स्विच) मात्र एका अंगाने वितळून काळा पडलेला. घरातल्या बोर्डात बसतो तोच साधा एसीचा एमसीबी कुणीतरी डीसीच्या पेटीत घातला होता, आणि त्याचा स्क्रूही पुरता आवळलेला नव्हता.

पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळू लागल्यापासून आपल्याकडे गच्च्या भराभर पॅनलने झाकल्या जात आहेत. पॅनल कोणत्या कंपनीचं, किती वॅटचं, याची चौकशी सगळे करतात. कोटेशनमधल्या 'डीसीडीबी १ नग, एसीडीबी १ नग' या ओळीवर मात्र कुणी बोट ठेवत नाही. माझ्या अनुभवात घोटाळा बहुतेक वेळा त्याच ओळीत असतो. जोडणी परवानाधारक माणसानेच करावी, पण खाली सांगितलेलं सगळं घरमालकाला स्वतः विचारता आणि पाहता येतं.

आधी पेट्या ओळखा

पॅनलच्या वायरी जिथे येतात ती डीसीडीबी, म्हणजे डीसी (एकाच दिशेने वाहणाऱ्या) विजेची पेटी. तिथून वीज इन्व्हर्टरमध्ये जाते, एसी (घरात वापरतो ती, दिशा बदलत राहणारी) होऊन बाहेर पडते आणि एसीडीबी म्हणजे एसीच्या पेटीतून मीटरकडे निघते. शाळा, मंगल कार्यालय, जिनिंग अशा मोठ्या ठिकाणी पॅनलच्या अनेक माळा असतात. अशा एका माळेला स्ट्रिंग म्हणतात, आणि त्या सगळ्या जिथे एकत्र येतात तो कंबायनर बॉक्स.

व्होल्टेजचा हिशेब थंडीवरून करा

इथे बरेच जण फसतात. पॅनलच्या मागच्या लेबलवर ओपन सर्किट व्होल्टेज, म्हणजे काहीही न जोडता दोन टोकांत येणारं व्होल्टेज, छापलेलं असतं. ५४० वॅटच्या पॅनलला ते साधारण ४९.५ व्होल्ट असतं. ३ किलोवॅटला अशी सहा पॅनल एका माळेत जोडली की २९७ व्होल्ट झाले. पण हा आकडा २५ अंश तापमानाचा आहे. पॅनल जितकं गार, तितकं त्याचं व्होल्टेज जास्त, अंशामागे पाव टक्क्याच्या थोडं वर. परभणीत डिसेंबर-जानेवारीत पारा १० च्या खाली सहज उतरतो. पहाट ५ अंशांची धरली तर व्होल्टेज पाच टक्क्यांहून जास्त वाढतं, म्हणजे २९७ चे ३१३ होतात.

सहा पॅनलला त्याने काही बिघडत नाही. बारा पॅनलच्या माळेचा हिशेब मात्र करून बघा. कागदावर ५९४ व्होल्ट म्हणून ६०० ची पेटी घेतली, तर थंडीच्या सकाळी ऊन पडताच त्या पेटीवर ६२६ व्होल्ट येतात. म्हणून मोठ्या माळेला एमसीबी आणि सर्ज प्रोटेक्टर (विजा कडाडल्या की वायरीत येणारा जादा दाब जमिनीत सोडणारा भाग) दोन्ही १००० व्होल्ट डीसीचेच मागा.

एमसीबीवर 'डीसी' लिहिलेलं डोळ्यांनी पाहा

घरातली वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते. त्यामुळे स्विच उघडताना पडलेली ठिणगी आपोआप विझते. पॅनलची डीसी वीज शून्यावर येतच नाही, म्हणून ठिणगी ताणली जाते आणि जळत राहते. मामांच्या पेटीत साधा एमसीबी चालला नाही तो याच कारणाने. डीसी एमसीबीवर अधिक-उणे खुणा असतील तर वायरी त्याच बाजूला हव्यात. उलट जोडला तर हा एमसीबीदेखील ठिणगी विझवू शकत नाही.

आता अँपियर. अशा पॅनलचा शॉर्ट सर्किट करंट, म्हणजे दोन टोकं थेट जोडल्यावर वाहणारा करंट, १४ च्या जवळ असतो. त्याची सव्वापट म्हणजे साडेसतरा. २० चा एमसीबी कागदावर पुरतो, पण तापलेल्या पेटीत तो लवकर पडतो, म्हणून मी २५ चा घालतो. एसीच्या बाजूला ३ किलोवॅट सिंगल फेजला १३ अँपियर येतात. तिथे दोन पोलचा २० अँपियरचा एमसीबी आणि ४ स्क्वेअर मिमी तांब्याची वायर लागते.

फ्यूज कधी लागतो? एक किंवा दोन माळांना सहसा लागत नाही. तीन माळा एकत्र आल्या आणि त्यातली एक बिघडली, तर उरलेल्या दोघींचा २८ अँपियर करंट तिच्यात उलटा घुसतो. पॅनलच्या लेबलवर फ्यूजची कमाल मर्यादा छापलेली असते, बहुतेकदा २५ अँपियर. म्हणून तीन किंवा जास्त माळांच्या कंबायनरमध्ये प्रत्येक माळेला सोलारचा खास डीसी फ्यूज हवाच.

जागा सावलीची

मराठवाड्यात मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश असतात, उन्हातली बंद पेटी त्याहून कितीतरी जास्त तापते. पेटी जिन्याच्या भिंतीवर, छज्जाखाली, उत्तरेकडच्या बाजूला लावा. आयपी ६५ ची (धूळ-पाणी आत जाऊ न देणारी) घ्या, आणि वायरी खालूनच, ग्लँडमधून (वायरीभोवती घट्ट आवळणाऱ्या बुचातून) आत घ्या. वरून वायर घेतली की पाऊस तिच्या अंगाने आत उतरतो. न वापरलेली भोकं बंद करा. उघड्या भोकातून कुंभारीण आत शिरून मातीचं घर करते, मुंग्या येतात, पालही येते. एमसीबीच्या दोन टोकांमध्ये पाल अडकून शॉर्ट झालेली पेटी मी पाहिली आहे.

अर्थिंग मे महिन्यात मोजून घ्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. डीसी बाजू, एसी बाजू आणि वीजरोधक (आकाशातली वीज झेलणारा दांडा) अशा तिघांना तीन वेगळे खड्डे लागतात. वीजरोधकाची पट्टी पेटीत न आणता थेट आपल्या खड्ड्यात जाऊ द्या. आपल्या काळ्या जमिनीत ऑगस्टमध्ये अर्थिंग मोजलं तर आकडा छान येतो, कारण माती ओली असते. उन्हाळ्यात त्याच जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि सळईभोवतीची माती सुटते. वळवाच्या विजा नेमक्या तेव्हाच कडाडतात. म्हणून मेमध्ये मोजून ५ ओहमच्या आत आकडा आला तरच ते अर्थिंग खरं धरा. बालाघाटाच्या अंगाला, अंबाजोगाईकडे, थोडं खणलं की मुरूम आणि काळा दगड लागतो. तिथे केमिकल अर्थिंगशिवाय (सळईभोवती ओल धरणारी पावडर भरल्याशिवाय) किंवा एकाहून जास्त सळया जोडल्याशिवाय निभत नाही. उन्हाळ्यात खड्ड्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

सर्ज प्रोटेक्टरपासून निघणारी अर्थिंगची वायर जितकी आखूड आणि सरळ, तितकी चांगली. पेटीत तिचं वेटोळं दिसलं तर कापून सरळ करायला सांगा.

पावसाळ्याआधीची तपासणी

सर्ज प्रोटेक्टरची खिडकी हिरवी आहे का पाहा. लाल झाली असेल तर आतली कार्ट्रिज बदला. वायरीचं टोक पिवळसर किंवा काळं पडलं असेल, तर तिथला स्क्रू सैल आहे. तारांची टोकं लग किंवा फेरूलमध्ये (टोकावर बसवायच्या धातूच्या टोपणात) दाबलेली हवीत, नुसती पिळून खोचलेली नकोत.

पेटी बंद करताना आधी एसी पाडा, मग डीसी. लाइट गेली की इन्व्हर्टर थांबतो, पण ऊन असेपर्यंत पॅनलकडून येणाऱ्या वायरीत ३०० व्होल्ट उभेच असतात. 'लाइट गेलीय, आता हात लावायला हरकत नाही' असं कुणी म्हणालं तर त्याला थांबवा. चालू लोडवर पॅनलचे कनेक्टर कधीच ओढू नका. आग दिसली तर पाणी न मारता लांब व्हा आणि १०१ ला फोन करा.

मामांच्या नव्या पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे: कोणता एमसीबी कशाचा, माळेचं व्होल्टेज, अर्थिंगचा आकडा आणि तो मोजल्याची तारीख. पुढचा वायरमन कुणीही येवो, त्याला अंदाजाने हात घालावा लागणार नाही.