सावत्र मुलाला अमेरिकेत आणायचंय? आधी तारखा आणि दाखले जुळवा

पहिल्या लग्नाचं लेकरू लातूरला नाहीतर परभणीला आजोळी, आई दुसरं लग्न करून अमेरिकेत, आणि आता नव्या वडिलांनी त्याची केस टाकायची आहे. अशा घरांनी वकील शोधायच्या आधी दोन तारखा लिहून काढाव्यात: मुलाची जन्मतारीख आणि आईच्या या लग्नाची तारीख. मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत हे लग्न झालं असेल तरच अमेरिकेचा कायदा त्याला सावत्र मूल मानतो. एक दिवस उशीर झाला तरी नातं धरलं जात नाही. मूल सावत्र वडिलांजवळ कधी राहिलेलंच नसलं तरी चालतं. लग्न खरं आणि कायदेशीर असलं पाहिजे.

अर्ज टाकायची मुदत वेगळी. वडील अमेरिकन नागरिक असतील तर मूल २१ वर्षांचं व्हायच्या आत आय-१३०, म्हणजे नातेवाइकासाठी टाकायचा अर्ज, पोचला पाहिजे. पोचला त्या दिवशी मुलाचं वय गोठतं, पुढे केसला वेळ लागला तरी बिघडत नाही. समजा मुलाचा जन्म १२ जून २००८ चा आहे. तर लग्न १२ जून २०२६ च्या आत झालेलं हवं आणि अर्ज १२ जून २०२९ च्या आत. आणि केस संपेपर्यंत मुलाचं लग्न करायचं नाही. मुलगी १९ची झाली, चांगलं स्थळ आलंय म्हणून गावाकडे साखरपुड्यासोबत लग्नही उरकलं, तर नागरिकाच्या मुलांसाठीची रांगेविनाची वाट तिथेच बंद होते.

१८ ची मुदत हुकली असेल तर केस आईने स्वतः टाकायची. ग्रीन कार्ड मिळालेल्या आईला सख्ख्या मुलासाठी ती अट नाही, पण मूल अविवाहित हवं आणि व्हिसाच्या रांगेत थांबावं लागतं.

आता सगळ्यात जास्त घरं जिथे अडकतात ती गोष्ट. अमेरिकन नागरिकाने बायकोसाठी टाकलेल्या अर्जात मूल आपोआप येत नाही. प्रत्येक मुलाचा आय-१३० स्वतंत्र, फी स्वतंत्र. १ एप्रिल २०२४ पासून ही फी ऑनलाइन ६२५ आणि कागदी अर्जाला ६७५ डॉलर आहे. भरताना चालू दर बघून घ्या. नवरा ग्रीन कार्डवाला असेल तर मात्र बायकोच्या केसमध्ये मूलही बसतं. गोम अशी की केस चालू असताना नवरा नागरिक झाला, तर बायकोची केस वरच्या वर्गात जाते आणि मूल त्या केसमधून गळतं. शपथविधीचे पेढे वाटायच्या गडबडीत हे कुणाच्या ध्यानात येत नाही. नागरिकत्व मिळाल्याबरोबर मुलाचा वेगळा आय-१३० टाका.

कागदपत्रांकडे या. आपल्याकडे बाईचं दुसरं लग्न झालं की घरची मंडळी शाळेत, आधारवर, रेशन कार्डावर मुलाच्या नावामागे नव्या वडिलांचं नाव लावून टाकतात. हेतू चांगलाच असतो, लेकराला कुणी बोलू नये एवढाच. पण जन्मदाखल्यावर पहिले वडील, शाळेच्या टीसीवर दुसरे, असं दिसलं की अधिकाऱ्याला शंका येते. तेव्हा अर्जात नातं जसं आहे तसं, सावत्र म्हणूनच लिहा. ‘सख्खंच लिहू, कोण बघतंय’ हा सल्ला देणाऱ्यापासून लांब राहा. खोटी माहिती दिल्याचा ठपका बसला की पुढचे सगळे व्हिसा धोक्यात येतात.

जन्मदाखला जन्म जिथे झाला तिथलाच मिळतो. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, म्हणून सासरच्या ग्रामपंचायतीत हेलपाटे घालण्यात अर्थ नाही. मुलाचा जन्म अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात झाला असेल तर नोंद तिथल्या नगर परिषदेत शोधा. दाखल्यावर मुलाचं नाव आहे का ते आधी बघा. पुष्कळ नोंदी बारशाआधी झालेल्या असतात आणि नावाचा रकाना कोराच राहतो. नाव घालून नवा दाखला काढून घ्या. दाखला फक्त मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, शिक्का आणि मागच्या बाजूचा मजकूरसुद्धा. भाषांतर करणाऱ्याने आपल्याला दोन्ही भाषा येतात आणि भाषांतर अचूक आहे असं सहीनिशी लिहून द्यायचं.

आईच्या नावाची साखळी हा दुसरा गुंता. माहेरची सुनीता माणिकराव, पहिल्या लग्नात तांदळावर नाव लिहून झालेली वैष्णवी दत्तात्रय, आणि पासपोर्टवर वैष्णवी संदीप. मुलाच्या दाखल्यावर यातलं एखादंच नाव असतं. तिन्ही बाया एकच हे सिद्ध करायला दोन्ही लग्नांचे पुरावे लागतात, आणि पहिलं नाव बदललं असेल तर राजपत्रातली नोंद असलेली बरी. नुसत्या बाँडवरच्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका.

पहिलं लग्न संपल्याचा पुरावाही तितकाच पक्का हवा. पहिला नवरा वारला असेल तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट असेल तर न्यायालयाच्या हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची प्रत. पंचांसमोर बाँडवर लिहिलेली फारकत गावात चालते, इथे अडते. हुकूमनाम्याची तारीख दुसऱ्या लग्नाच्या आधीची आहे ना तेही तपासा. ती नंतरची निघाली तर दुसरं लग्नच कायद्याने टिकत नाही, आणि त्यावर उभं राहिलेलं सावत्र नातंही नाही.

मूल १८च्या आतलं असेल आणि सख्खे वडील हयात असतील तर त्यांची संमती किंवा ताब्याचा आदेश हाताशी ठेवा. घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात ‘ताबा आईकडे’ एवढंच असतं. मुलाला परदेशी कायम राहायला नेण्याची परवानगी स्पष्ट लिहून घेतली तर पुढचा त्रास वाचतो. पासपोर्टच्या अर्जाला पालकांचं घोषणापत्र जोडायचं असतं: दोन्ही पालकांची सही मिळत असेल तर अ‍ॅनेक्श्चर डी, एकाचीच असेल तर अ‍ॅनेक्श्चर सी.

आय-१३० मंजूर झाला की केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे जाते. तिथे व्हिसाचे ३२५ आणि आर्थिक हमीच्या तपासणीचे १२० डॉलर भरून डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज भरायचा. त्यात सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी, करासाठी लागणारा अमेरिकेतला क्रमांक) हवा का, याला ‘हो’ म्हणा, म्हणजे आल्यावर एक चक्कर वाचते. आर्थिक हमी म्हणजे आय-८६४ सावत्र वडिलांनीच द्यायची. उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या मर्यादेच्या १२५ टक्के हवं, कमी पडलं तर सोबत दुसरा हमीदार घेता येतो. सही करण्याआधी एवढं समजून घ्या की उद्या नवरा-बायको वेगळे झाले तरी ही हमी सुटत नाही.

मुलाखत मुंबईला, बीकेसीतल्या वकिलातीत. त्याआधी बोटांचे ठसे आणि वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडे तपासणी. २ ते १४ वर्षांच्या मुलांची क्षयरोगासाठी रक्ततपासणी होते. आरोग्य केंद्राचं लसीकरण कार्ड सापडत नसेल तर आधीच शोधाशोध करा, नाहीतर लसी पुन्हा घ्याव्या लागतात. १६ वर्षांवरच्या मुलाला पोलीस दाखला लागतो, तो पासपोर्ट सेवेतूनच काढा. गावच्या ठाण्याचं चारित्र्य प्रमाणपत्र चालत नाही.

विमानात बसण्याआधी ऑनलाइन २३५ डॉलर भरले की ग्रीन कार्ड घरच्या पत्त्यावर येतं. मूल अमेरिकेत उतरेल त्या दिवशी लग्नाला २ वर्षं झालेली नसतील तर कार्ड २ वर्षांचंच मिळतं. मग मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत आय-७५१, म्हणजे कार्ड कायमचं करायचा अर्ज, टाकावा लागतो. आईच्या पाठोपाठ ९० दिवसांत आलेलं मूल तिच्याच अर्जात बसतं, उशिरा आलेल्याचा अर्ज वेगळा.

शाळेसाठी टीसी, गुणपत्रिका आणि लसीकरण नोंदीचं भाषांतर बरोबर आणा. सरकारी शाळेला फी नाही, आणि इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांना वेगळी मदत मिळते.

नागरिकत्वाबाबत एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. सावत्र वडील नागरिक आहेत म्हणून मूल नागरिक होत नाही. त्यांनी रीतसर दत्तक घेतलं नसेल तर मुलाचं नागरिकत्व आईवर अवलंबून असतं. मूल १८ वर्षांचं व्हायच्या आत आई नागरिक झाली, आणि मूल ग्रीन कार्डवर इथे तिच्या ताब्यात राहत असेल, तर तेही त्याच दिवशी नागरिक होतं. नागरिक नवऱ्यासोबत राहणाऱ्या बाईला ग्रीन कार्डनंतर ३ वर्षांनी एन-४०० हा नागरिकत्वाचा अर्ज टाकता येतो. मूल १४-१५ वर्षांचं असेल तर तिने तो अर्ज एक महिनाही पुढे ढकलू नये.