युरिया मातीआड करा: कोरडवाहू कपाशीच्या स्वस्त खताचा हिशोब

पुनर्वसू नक्षत्र (जुलैची सुरुवात) लागलं आहे. मृगाच्या शेवटी टोबलेली पऱ्हाटी (कपाशी) आता चार-सहा पानांवर आहे आणि गावोगावी कृषी केंद्रासमोर खतासाठी गर्दी आहे. कोणतं खत घ्यायचं ते पुढे सांगतोच. पण त्याआधी एक गोष्ट, आणि या सल्ल्यात ती पुन्हा पुन्हा येईल: खत उघड्यावर टाकू नका. झाडाच्या बुडाशी फेकून पुढे जाऊ नका. दरवर्षी यवतमाळ-वर्ध्याकडच्या वावरांत मी हेच पाहतो. माणूस उधारीवर गोणी आणतो, रोजंदारी देऊन खत टाकून घेतो आणि अर्धं खत हवेला देऊन मोकळा होतो. मग पोळ्यानंतर पाती (कळ्या) गळायला लागतात, बोंडं बारीक राहतात, पानं लाल पडतात आणि दुकानदार टॉनिकची बाटली काढून देतो.

सकाळी वावरात जाऊन बघा. ओल्या काळ्या मातीवर खोडाला लागून पांढरे दाणे पडलेले असतात. दुपारपर्यंत ते विरघळतात, तिथे ओलसर डाग राहतो आणि वरून ऊन तापतं. जमिनीतलं विकर (एन्झाइम) युरियाचा अमोनिया करतं. आपल्या काळ्या जमिनी चुनखडीच्या, सामू (पीएच) आठच्या आसपास किंवा त्याहून वर, त्यामुळे हा अमोनिया मातीत न थांबता वायू होऊन उडतो. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट भूजलाच्या भागात, तर अजूनच जास्त. सगळ्यात जास्त नुकसान पहिल्या आठवड्यातच होतं. तोच दाणा दोन-तीन बोटं मातीखाली असला तर अमोनिया मातीला धरून राहतो आणि मुळाला मिळतो. आपल्याकडचा युरिया 2015 पासून निंबोळी तेलाचा लेप देऊनच येतो, म्हणून बरेच जण निर्धास्त असतात. त्या लेपाने जमिनीत गेलेलं नत्र (नायट्रोजन) हळूहळू सुटतं, झिरपून जाणं कमी होतं. उघड्यावरचं उडून जाणं त्याने थांबत नाही.

लोक असं का करतात तेही समजतं. बैलजोड्या कमी झाल्या, डवऱ्याचं (बैलाने ओढायच्या कोळप्याचं) भाडं वाढलं, मजूर मिळाले त्याच दिवशी काम उरकायचं असतं. म्हणून एकच नियम सांगतो: पुढे बाई, मागे डवरा. खत पडलं की त्याच तासात डवरा फिरला पाहिजे. डवरा मिळत नसेल तर सायकल डवरा भाड्याने घ्या. तोही नसेल तर खुरप्याने झाडापासून चार बोटं दूर खड्डा करून, खत टाकून पायाने माती सारा. डवरा उद्या येणार असेल तर खतही उद्याच टाका, आज नाही. "संध्याकाळी पाऊस येणारच आहे, तो नेईल आत" या भरवशावर राहू नका. अर्धा इंच सरळ पाऊस पडला तर काम होतं हे खरं. पण आपल्याकडे एक तर शिंतोडे येतात, नाही तर धो-धो पडून खत धुऱ्याबाहेर (बांधाबाहेर) जातं.

आता हिशोब. विदर्भातल्या कोरडवाहू कपाशीला हेक्टरी 60:30:30 किलो नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅश) ही शिफारस आहे. एकरी 24:12:12 झालं. साध्या खतांत ते असं बसतं:

- युरिया 52 किलो, दोन हप्त्यांत 26-26
- सिंगल सुपर फॉस्फेट 75 किलो, म्हणजे दीड गोणी
- म्युरेट ऑफ पोटॅश 20 किलो

एवढंच. युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांची, त्यात 20 किलो 700 ग्रॅम नत्र. नत्राचा किलो 13 रुपयांच्या आत पडतो. याहून स्वस्त नत्र बाजारात नाही, आणि स्वस्त आहे म्हणूनच ते सांडताना कोणाचा जीव दुखत नाही.

डीएपी (डाय-अमोनियम फॉस्फेट) वाईट आहे असं मी म्हणत नाही. 1350 रुपयांच्या गोणीत 23 किलो स्फुरद आणि 9 किलो नत्र येतं, हिशोबाला ते परवडतं. अडचण अशी की ऐन वेळी ते मिळत नाही, आणि मिळालं तर सोबत बकेट, झाईम, ह्युमिक अशी टॉनिकं, नाही तर नॅनो खताची बाटली गळ्यात मारतात. ती घेतली नाही तर "डीएपी संपलं". अशा वेळी सुपर फॉस्फेटकडे वळा. त्यात स्फुरद 16 टक्केच असलं तरी 11 टक्के गंधक आहे, कॅल्शियमही आहे. वर्षानुवर्षं डीएपी-युरियावर चाललेल्या वावराला गंधक कमी पडतं आणि सोयाबीन-तुरीला तर ते हवंच. डीएपीच हाती असेल तर एकरी 26 किलो डीएपी, 42 किलो युरिया आणि 20 किलो पोटॅश. अशा लिंकिंगने, म्हणजे खतासोबत जबरदस्तीने जोडलेला, माल घ्यायला तुम्ही बांधील नाही. अंगठा लावला की मशीनमधून निघालेलं बिल मागा, गोणीवरची किंमत आणि बिल ताडून बघा. जबरदस्ती केली तर बिलासकट तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या.

माल खरा आहे का तेही घरीच बघता येतं. डीएपीचे चार दाणे तळहातावर घ्या, चिमूटभर चुना टाका आणि तंबाखू मळतात तसं मळा. नाकात झोंबणारा वास आला पाहिजे. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो आणि भांडं हाताला गार लागतं. खाली गाळ राहिला तर गोणी परत न्या.

मिश्रण कसं करायचं ते नीट सांगतो, कारण इथेही उघड्यावरचीच खोड आहे. लोक आदल्या रात्री युरिया आणि सुपर फॉस्फेट एकत्र करून ठेवतात. सकाळी त्याचा चिखल झालेला असतो, कारण हे दोन्ही एकत्र आले की पाणी सुटतं. चिखल झालेलं खत सारखं पडत नाही. एका झाडाला गोळा, दुसऱ्याला काहीच नाही. म्हणून सावलीत ताडपत्री अंथरा. आधी सुपर फॉस्फेटची ढेकळं फोडा, त्यात पोटॅश टाका, युरिया सगळ्यात शेवटी. फावड्याने तीनदा खालीवर करा. त्या दिवशी टाकून मातीआड होईल तेवढंच कालवा, उरेल एवढं कालवूच नका. राख किंवा चुना युरिया-डीएपीत कधीही मिसळू नका, अमोनिया ताडपत्रीवरच उडून जाईल. जिवाणू खतंही यात नको, ती बियाण्याला किंवा शेणखतातून. घरचं कुजलेलं शेणखत असेल तर सुपर फॉस्फेट त्यात मिसळून द्या. चुनखडीच्या जमिनीत उघडा स्फुरद लवकर बांधला जातो, शेणखतासोबत तो जास्त दिवस पिकाच्या हाती राहतो.

पेरणीसोबत स्फुरद-पालाश द्यायचं राहिलं असेल तर अजून वेळ गेलेली नाही. पीक वीस दिवसांचं होईपर्यंत वरचं पूर्ण मिश्रण देऊन टाका: 26 किलो युरिया, 75 सुपर, 20 पोटॅश. तीन बाय दीड फुटावर एकरी पावणेदहा हजारांच्या आसपास झाडं बसतात. म्हणजे एका झाडाला साधारण 12 ग्रॅम, पाण्याच्या बाटलीची दोन झाकणं. एक महिन्याला दुसरा हप्ता नुसत्या युरियाचा, तो झाडाला अडीच ग्रॅमच, अर्ध्या झाकणाच्या आसपास. मूठ-मूठ युरिया पडताना मी पाहतो तेव्हा सांगतो की हे झाडासाठी नाही, तुडतुड्यांसाठी चाललं आहे. जास्त नत्राने पऱ्हाटी लुसलुशीत होते आणि रस शोषणाऱ्या किडी तिच्यावर तुटून पडतात. झाकण मोजून बाईच्या हाती द्या, तिला मूठ भरायला लावू नका.

एक माझा अंदाज, विद्यापीठाच्या तक्त्यात नसलेला. हलक्या बरड जमिनीत मी दुसरा हप्ता दोन भागांत द्यायला सांगतो, पंधरा दिवसांच्या अंतराने. तिथे पाणी थांबत नाही, खतही थांबत नाही. आणि देताना दुपार टाळा. चार वाजल्यानंतर, पानं कोरडी असताना द्या. ओल्या पानावर दाणा अडकला की तिथे करपतं. वापसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, बघायची तर मूठभर माती दाबा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटली तर डवरा घाला, चिखलाचा गोळा राहिला तर थांबा.

कपाशीच्या ओळीतला युरिया शेजारच्या तुरीच्या ओळीवर टाकू नका. तुरीच्या मुळावरच्या गाठी तिचं नत्र करतात, त्यांना हा वरचा डोस नको. सोयाबीनलाही उभ्या पिकात युरिया फेकण्याची घाई नको.

या पंधरवड्यातली बाकीची कामं:

- खाडे भरणे (रिकाम्या जागी पुन्हा टोबणे), जास्तीची रोपं विरळणे
- निंदण आणि तणासाठीची डवरणी, खताच्या आधी
- पाणी साचणाऱ्या तुकड्यात चर काढणे
- धुऱ्यावरचं तण काढणे
- फवारणीआधी किडीची पाहणी

पुढच्या फवाऱ्याचं आत्ताच लिहून ठेवा. फुलं लागताना 2 टक्के युरिया, 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम. बोंडं भरताना 2 टक्के डीएपी, तेही 300 ग्रॅम, पण रात्रभर प्लास्टिकच्या बादलीत भिजवून, गाळून. पानं लाल पडू लागली तर मॅग्नेशियम सल्फेट 1 टक्का, पंपाला 150 ग्रॅम, वेगळा फवारा. डीएपीत तो मिसळला तर द्रावण फाटून नोझल बुजतं. कीटकनाशक, टॉनिक आणि खत एकाच टाकीत कालवू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं गेली, त्यानंतरही हे कॉकटेल थांबलेलं नाही. दुकानदाराने कागदावर चार नावं लिहून दिली तरी पंपात काय जायचं ते तुम्हीच ठरवा.

आणि खत दिल्यावर झड बसली, दोन-तीन दिवस वावरात पाणी उभं राहिलं, तर लगेच दुसरी गोणी फोडू नका. पाण्यात उभ्या मुळाला खत घेता येत नाही. आधी चर काढून पाणी बाहेर जाऊ द्या. वापसा आला की एक डवरा फिरवून मुळाला हवा द्या, 2 टक्के युरियाचा एक फवारा मारा. पाच-सहा दिवसांनी खालची पानं बघा. पिवळीच राहिली असतील तर हप्त्याच्या निम्मा, एकरी 13 किलो युरिया द्या. पुढे बाई, मागे डवरा.