टाचेच्या शस्त्रक्रियेत नेव्हिगेशन वापरताना या चुका टाळा

वाघोली, हिंजवडी या पुण्याच्या वाढत्या भागांतल्या बांधकामांवर परांचीवरून पडून टाचेचे हाड चुरलेले मजूर आमच्याकडे वरचेवर येतात. टाचेच्या आतल्या अंगाला सस्टेन्टॅक्युलम नावाचा हाडाचा अरुंद कठडा असतो. बाहेरून घातलेला स्क्रू त्यात नेमका बसला नाही, तर तो सांध्यात शिरतो किंवा आतल्या बाजूच्या नसांना, स्नायुबंधांना टोचतो. संगणकीय नेव्हिगेशनची, म्हणजे अवजाराची जागा कॅमेऱ्याने टिपून ती हाडाच्या स्कॅनवर दाखवणाऱ्या यंत्रणेची, खरी मदत होते ती अशा ठिकाणी.

मात्र पडद्यावर दिसते ते स्कॅन घेतला त्या क्षणाचे हाड असते. कॅमेऱ्याला हाड दिसत नाही. हाडात रोवलेल्या चौकटीवरचे चकाकणारे गोळे तेवढे दिसतात. पावलात 26 हाडे आहेत आणि त्यांतली बरीच एकमेकांवर हलतात, त्यामुळे चौकट नडगीत आणि काम टाचेत, ही मला सर्वांत घातक चूक वाटते. स्कॅननंतर घोटा किंचित जरी वाकला तरी टाच जागा सोडते, पडद्यावरचे चित्र मात्र तसेच राहते आणि यंत्र कसलीही सूचना देत नाही. ज्या हाडावर काम करायचे त्यातच चौकट बसवावी. ते शक्य नसेल, तर मधले सांधे के-वायरने (हाडात घालायच्या बारीक धातूच्या तारेने) तात्पुरते पक्के करूनच स्कॅन घ्यावा. तुकडे जुळवण्याचे काम स्कॅनच्या आधी संपलेले असावे, कारण नंतर हलवलेला तुकडा पडद्याला कळत नाही.

ठिसूळ हाडात चौकट धरणारी पिन सैल होते, याकडेही दुर्लक्ष होते. माझ्या एका शस्त्रक्रियेत सहाय्यकाचे कोपर चौकटीला ओझरते लागले. ड्रिल लावण्यापूर्वी सवयीने प्रोबचे (यंत्रणेला दिसणाऱ्या टोकदार सळईचे) टोक जखमेत दिसणाऱ्या हाडाच्या कडेवर टेकवले, तर पडद्यावर ते हाडापासून काही मिलिमीटर दूर, अधांतरी दिसले. पिन बदलून आम्ही स्कॅन पुन्हा घेतला. ही तपासणी प्रत्येक स्क्रूपूर्वी, आणि त्याच हाडावर, करावी.

गोळ्यांवर रक्ताचा थेंब उडाला किंवा कॅमेऱ्यासमोर कोणी उभे राहिले, तर चित्र अडते. गोळे पुसावेत किंवा बदलावेत. बारीक वायर कठीण, उतरत्या हाडावर घसरून वाकते, आणि यंत्र तर ती सरळच आहे असे धरून चालते. म्हणून स्लीव्ह (वायरला दिशा देणारी नळी) हाडावर घट्ट टेकवून, दाब न देता ड्रिल सुरू करावे. स्क्रू बसल्यावर रुग्णाला टेबलावरून हलवण्यापूर्वी सी-आर्म या एक्स-रे यंत्राखाली टाचेची बाजूची आणि अक्षीय, अशी दोन्ही चित्रे घ्यावीत.