बियांपासून सोनचाफा: गर काढल्याशिवाय पेरू नका

दोन वर्षांत फुलं हवी असतील तर सरळ कलम आणा. बियांच्या सोनचाफ्याला फूल यायला ७ ते १० वर्षं लागतात आणि रंग-वास आईच्या झाडासारखाच असेल याची खात्री नसते. पण पुढच्या पिढीलाही पुरेल असं उंच, सरळ झाड सोसायटीच्या आवारात हवं असेल, तर बियांचंच लावा.

पाकिटातलं बी घेऊ नका. पाकिटावर शास्त्रीय नाव मिशेलिया (जुनं) लिहिलेलं असो की मॅग्नोलिया (नवं), झाड एकच. पण सोनचाफ्याचं बी वाळलं की मरतं. गिरगाव, दादर, पार्ल्याच्या जुन्या आवारांत चाफे अजून आहेत. त्यांच्यावर लक्ष ठेवा. खाकी, खरबरीत फळांचे घोस तडकले आणि आत लालभडक बी दिसलं, की त्याच दिवशी काढा. उद्यावर टाकलंत तर बुलबुल शिल्लक ठेवत नाहीत.

आता खरं काम. बीवरचा लाल गर तेलकट असतो. तो तसाच मातीत गेला तर बुरशी धरते, मुंग्या लागतात, उंदीर कुंडी उकरतात, आणि बी उगवतही नाही. मला सर्वांत जास्त झगडायला लावलं ते या गरानेच. नुसतं पाण्यात धुऊन तो जात नाही. बी दिवसभर भिजत घाला, मग जाड रेती घेऊन तळहातांवर चोळा, धुवा, पुन्हा चोळा. काळपट, टणक बी दिसलं म्हणजे संपलं असं समजू नका. बीच्या एका टोकाला बारीक खाच असते, तिथे गराचा धागा अडकून राहतो. जुन्या टूथब्रशने तो काढाच. बोटांना तेलकटपणा लागेनासा झाला की बी स्वच्छ झालं. पाण्यावर तरंगणारं बी फेकून द्या.

उन्हात वाळवा, पॉलिश पेपरने घासा, उकळतं पाणी ओता, असले सल्ले सर्रास मिळतात. एकही ऐकू नका. अडचण कवचाची नसतेच. आतला गर्भ अगदी लहान असतो, तो आतल्या आत वाढतो आणि मगच बी फुटतं. त्याला ओल आणि वेळ लागतो, मारझोड नाही.

धुतलेलं बी त्याच दिवशी पेरा. निम्मी रेती, निम्मं कोकोपीट, बी बोटाच्या अर्ध्या पेराइतकं खोल. कुंडी सावलीत, आणि पावसाळ्यात छपराखालीच. मुंबईचा पाऊस एका रात्रीत बी वाहून नेतो. उंदरांसाठी वरून बारीक जाळी बांधा. माती ओलसर हवी, चिखल नको. दीड-दोन महिने काहीच दिसणार नाही. उकरून बघू नका.

चार पानं आली की मुळं न दुखवता उंच पिशवीत हलवा. पुढच्या जूनमध्ये जमिनीत.

खिडकीच्या ग्रिलमध्ये हे झाड कायमचं ठेवता येत नाही. भिंत, गटार, पाण्याची टाकी यांपासून निदान १५ फूट लांबची जागा सोसायटीत आधीच ठरवून घ्या. नंतर अडचण झाली तरी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे पालिकेच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही.